अनुभव धागा: कॉमिक्सवेडे खान्देशी आणि त्यांची स्केचबुकं

मंडळी, गोष्टीसाठी कॉमिक्स वाचणारे पुष्कळ भेटतात, पण गोष्ट सोडून एकाच चौकटीवर अडकून बसणारे, म्हणजे हा हात यानं काढला कसा, हा घोडा असा वळलाच कसा, असं बघत बसणारे कमी. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, कुठलेही असा, कुठल्या चित्रांनी वेड लावलं आणि आता कुठे बसून काय काढता ते लिहा. चित्र चांगलं येतं की नाही हे कुणी विचारणार नाही.

माझ्यापासून सुरू करतो. काकांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. इंद्रजाल 1964 ला सुरू झालं आणि 1990 ला बंद पडलं, त्यामुळे माझ्या वाट्याला ते पिवळं पडलेलंच आलं, काही पानांवर छपाई सरकलेली, ओठांचा लाल रंग गालावर. पण त्यातला वेताळ, म्हणजे फँटम! 1961 पासून पुढं तीसेक वर्षं वेताळाची चित्रं साय बॅरीकडे होती आणि तो माणूस काळी शाई अशी बिनधास्त ओतायचा की अर्धा चेहरा गायब, नुसती कपाळाची कड आणि जबडा दिसतोय, तरी माणूस ओळखू येतो. मला वाटायचं हे जंगलामुळे. मग एकदा मे महिन्यात भर दुपारी जळगावच्या फुले मार्केटात कुणाची तरी वाट बघत उभा होतो आणि समोरच्या हातगाडीकडे नीट बघितलं. हातगाडीखाली सावली ठार काळी, वर केळी पांढरीफटक, मधलं करडं काहीच नाही. म्हटलं भो, हे तर आयतं इंक केलेलंच आहे. पुण्या-मुंबईचे लोक जलरंगात ढगाळ हवा काढतात ते छान असतं, पण आपल्या उन्हाला शाईच पाहिजे हे माझं ठाम मत आहे.

आम्ही चार-सहा टाळकी रविवारी सकाळी मेहरूण तलावावर बसतो. ग्रुपला नाव नाही, फी नाही. उन्हाळ्यात सात म्हणजे सातला, कारण नऊनंतर रंगाचा वॉश कागदावर पसरायच्या आधीच वाळतो आणि मधे कडक रेघ उमटते, ती काही केल्या जात नाही. म्हणून हळूहळू सगळेच ब्रश पेनवर आले.

भुसावळचा डबा

आमच्याकडे इंद्रजाल नाही, राज कॉमिक्स. हिंदीतली. भाड्यानं मिळायची, गल्लीतल्या दुकानात सुतळीवर लटकवलेली, तिथंच ओट्यावर बसून वाचायची आणि पान दुमडलं तर मालक ओरडायचा. त्यांचा हिरो नागराज 1986 मधे आला, त्याची सुरुवातीची चित्रं प्रताप मुळीक यांची, पुण्याचे, हेच अमर चित्र कथेतही काढायचे. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेव्हा दोन्ही अंक शेजारी ठेवून बघितले आणि खरंच, दंड आणि मान काढायची पद्धत तीच, एकीकडे देव आणि एकीकडे अंगातून साप निघणारा हिरवा माणूस.

आता मी स्टेशनच्या बाहेर काढतो. आत प्लॅटफॉर्मवर बसायचो पूर्वी, पण एका साहेबांनी वही मागितली, पानं उलटून बघितली आणि पुलाचं चित्र कशासाठी काढलं ते अर्धा तास विचारत बसले, तेव्हापासून बाहेर. बाहेर चहाची टपरी, रिक्षा, झोपलेले हमाल, मटेरियलला तोटा नाही. लोक जमतात हा एकच त्रास, आणि मजाही. मागून आवाज येतो, "काय करी राह्यना भाऊ?" मग दुसरा सांगतो की सर्व्हे चालू आहे, इथलं सगळं पाडणार आहेत. एक आजोबा समोर येऊन टोपी सरळ करून बसले, मान ताठ, श्वास रोखलेला, पंधरा मिनिटं हलले नाहीत. चित्र दाखवलं तर म्हणाले बाकी ठीक आहे, मिशी जरा दाट कर. केली.

कलाशिक्षक, धुळे

शाळेत चित्रकला शिकवते, एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, झालेली आहे, त्यामुळे थोडं मास्तरकीचं बोलणार, चालवून घ्या. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं स्मरणचित्राला घाबरतात, बाजार काढा म्हटलं की सगळी माणसं समोर तोंड करून एका रांगेत. अशा पोरांना मी टिंकल, म्हणजे मुलांचं कॉमिक्स मासिक, देते. राम वाईरकरांचा सुपंडी बघा म्हणते, तो उभा राहिला तरी कुठंतरी वाकलेला असतो, मान पुढे, पोटरी मागे. ती एक वाकडी रेघ पोरांनी उचलली की बाजारातली माणसं लगेच हलायला लागतात.

दुसरं, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यातली अक्षरं. इंग्रजी कॉमिक्समधे सगळी कॅपिटल, वर काही नाही खाली काही नाही, ओळीला ओळ चिकटवा चालतंय. आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, म्हणजे दोन ओळींमधे जास्तीची जागा लागणारच. इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यात मराठी कोंबलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, जुने अनुवादित अंक काढून बघा. म्हणून मराठीत स्वतःचं कॉमिक काढणाऱ्यांना एकच सांगणं, आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा, आणि मग उरलेल्या जागेत चित्र. पोरं नेमकं उलटं करतात आणि शेवटी "वाचवा" चा "वा" चौकटीबाहेर जातो.

पारोळेकर

चांदोबा मासिकाचा विषय कुणीच कसा काढला नाही अजून? खांद्यावर प्रेत, हातात तलवार, विक्रमादित्य निघालाय. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, 2020 मधे गेले. तो एक पाय उचललेला राजा मी वहीच्या शेवटच्या पानावर इतक्यांदा काढलाय की डोळे मिटून काढेन. बाकी मी ग्रुपबिपमधे जात नाही, एकटाच काढतो.

शहाद्याची

मी मांगावाली, म्हणजे जपानी कॉमिक्सवाली, सिनियर लोकांनी नाक मुरडू नये 😄 उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लागली की मग नेहमीचं पुस्तकही मागून उघडलं जातं. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं तर वेग, नुसत्या रेघांनी पान पळायला लागतं. पण पळणारं काही समोर बघून काढायचं तर कुठं जायचं? उत्तर आमच्या तालुक्यातच, सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंतीला सुरू होते, तापीकाठी, घोडेच घोडे. मारवाडी घोड्याचे कान बघितलेत का नीट? आत वळलेले, टोकाला एकमेकांना टेकतात, ते काढले की बाकी घोडा थोडा चुकला तरी मारवाडी वाटतो. पायांचं मात्र गणित आहे. दुडक्या चालीत समोरासमोरचे तिरपे पाय जोडीनं उचलतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, हे डोक्यात बसलं की अंदाजे काढता येतं, कारण बघून काढेपर्यंत घोडा गेलेला असतो. रेवाल, म्हणजे स्वाराला हिसका न देणारी चाल, अजून मला काढायला जमत नाही, तिथं घोडेवाला स्वार होऊन जातो तर हातातला पेला पण हलत नाही आणि मी मात्र वेगाच्या रेघा मारतेय! घोडेवाले फार छान असतात, एकानं तर स्वतःहून घोडा परत फिरवून आणला, "ताई, आता काढ" म्हणून.

चाळीसगाव

कॉमिक्सवाला नाही मी, पण स्केचिंगला येतो म्हणून लिहितो. चाळीसगावला कधी आलात तर स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. 1912 ते 1989. माणूस जवळपास 50 वर्षं घराबाहेर पडला नाही म्हणतात आणि त्यातून टेबलावर वस्तू मांडून असे फोटो काढले की बघणारा म्हणतो हा बर्फाळ प्रदेश कुठला. उजेड एका बाजूनं, बाकी अंधार. वर ज्यांनी काळ्या शाईचं लिहिलंय त्यांनी तिथे निवांत जावं.

पाचोऱ्याचा संशयी

रागावू नका, पण कॉमिक्सची नक्कल करून चित्रकला येते हे मला पटत नाही. आमचा पोरगा दिवसभर तेच ते डोळे आणि तेच ते केस काढतो. शेजारचा गाढव काढ म्हटलं तर येत नाही.

कलाशिक्षक, धुळे

दादा, नक्कल करू दे, फक्त त्याला रविवारी बाहेर घेऊन जा. आणि एकदा अजिंठ्याला न्या, तुम्हाला काय लांब आहे. 17 नंबरच्या लेण्यात जातककथा आहेत, एकाच भिंतीवर तोच राजा इथे बसलेला, तिथे निघालेला, पुढे दान देतोय. चौकटी आखलेल्या नाहीत. खांब येतो, झाड येतं, दार येतं किंवा एखादी बाई नुसती पाठ फिरवते, की प्रसंग बदलला. कॉमिक्स वाचणारी पोरं ती भिंत पटापट वाचतात, मोठी माणसं गाइडची वाट बघत उभी राहतात, हे मी स्वतः सहलीत बघितलंय. आत उजेड कमी असतो, तिथं डोळ्यांनी बघायचं आणि बाहेर कठड्यावर बसून आठवून काढायचं. स्मरणचित्रच झालं की ते! सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

धागाकर्ता

संशयी दादा, पोराला या रविवारी मेहरूणला आणा, तिथं गाढवंही असतात. त्याच्या शेजारी भुसावळवाल्याला बसवू. आणि सगळ्यांना एक सूचना, साधं जेलपेन आणू नका, घामाचा थेंब पडला की चित्र वाहून जातं, वॉटरप्रूफ शाईचंच आणा. कागद जाड हवा, झेरॉक्सच्या कागदावर ब्रश पेन पलीकडे उतरतं. गेल्या वेळी कुणीतरी इंद्रजालमधल्या बहादूरचे अंक आणतो म्हणालं होतं, भगवा कुडता आणि जीन्सवाला, गोविंद ब्रह्मणिया यांची चित्रं असलेला. ते आणा राव, वाट बघून थकलो. नाश्ता शेवभाजी की पोहे ते तिथंच ठरवू, पण मागच्यासारखं तेलाच्या हातानं कुणी दुसऱ्याची वही उघडायची नाही.