मॅकबेथला चेटकिणींनी बिघडवलं, की तो आधीपासूनच तसा होता?

कट्टेकरी:
शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' नाटक पुन्हा वाचलं. चेटकिणींनी त्या स्कॉटिश सरदाराला नादी लावलं, हे आता पटत नाही. "तू राजा होशील" एवढंच त्या म्हणतात. गादीवरच्या डंकन राजाला मार, असं एकीच्याही तोंडी नाही. तरी हा दचकतो. शेजारचा सोबती सरदार बँको विचारतोसुद्धा, इतकं चांगलं ऐकून घाबरलास का रे? माणूस असा दचकतो तो मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर. इटालियन तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरांदोलाने १४८६ सालीच लिहून ठेवलंय, माणसाला ठरावीक जागा नाही. तो पशू होईल नाहीतर देवतुल्य, त्याची मर्जी. मॅकबेथने निवडलं. डोळे उघडे ठेवून.

शंकेखोर:
निवडलं कसलं? पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात गडी खुनाच्या बेतातून चक्क माघार घेतो. मग बायको मर्दानगी काढते. त्यावर म्हणतो, पुरुषाला शोभेल ते सगळं करीन, त्यापुढे जाईल तो पुरुषच नव्हे. वा! आणि पान उलटायच्या आत तयार.

दरबारी:
मला तर तो राज्यकर्ता म्हणूनच कच्चा वाटतो. इटालियन विचारवंत मॅकियाव्हेलीचं राज्य कसं राखावं यावरचं 'प्रिन्स' (छापलं १५३२ साली, तेव्हा तो जाऊन पाच वर्षं झाली होती) सांगतं की क्रौर्य एकदाच काय ते उरका, रोज नको. हा डंकनला मारतो, मग बँकोला, मग विरोधात गेलेल्या मॅकडफ सरदाराची बायकापोरं. थांबतच नाही.

कट्टेकरी:
म्हणजे आटोपशीर खून चालले असते?

दरबारी:
गादी टिकली असती. पापपुण्य तुम्ही बघा.

दप्तरखाना:
स्वभाव-स्वभाव काय करताय! शेक्सपिअरने जी बखर वापरली, त्या हॉलिनशेडच्या बखरीत डंकन मवाळ, मॅकबेथ दहा वर्षं नीट राज्य करतो, आणि बँको कटात सामील. नाटकात मात्र बँको धुतल्या तांदळासारखा. का? १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर जेम्स होता, आणि तो बँकोच्या वंशातला मानला जाई. शिवाय चेटूक या विषयावर त्याचं स्वतःचं पुस्तक. चेटकिणी नाटकात उगाच नाही आल्या.

कट्टेकरी:
मान्य. पण मॅकबेथला दचकायला जेम्सने सांगितलं नव्हतं.

शंकेखोर:
आणि धुतल्या तांदळाचं म्हणाल, तर दुसऱ्या अंकाची सुरुवात बघा. मध्यरात्र उलटलीय, बँकोला झोप हवीय पण झोपायचं नाही. झोपेत जे विचार येतात ते आवर, म्हणून देवाला विनवतोय. आदल्या रात्री त्या तिघी स्वप्नात आल्या होत्या. कसले विचार, ते तो सांगत नाही.