आउटबोर्ड फुल थ्रॉटलला तापतं, पण पाण्याची धार तर येतेय

प्रश्न
गंगापूर धरणावरच्या बोटीला ४० एचपीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेली मोटार आहे. हळू चालवली तर तक्रार नाही. फुल थ्रॉटल दिलं की चार-पाच मिनिटांत बझर वाजतो आणि इंजिन आपोआप मंदावतं. धार येते, पण कोमट आणि बारीक. पाणी उतरल्यामुळे सध्या बोट चिखलातून ढकलत न्यावी लागते. हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलायचं का?

प्रतिसाद १
हेड एवढ्यात खोलू नका. ती धार म्हणजे पंपाच्या पाण्यातून बाजूला काढलेला छोटासा फाटा. पंप पाणी उचलतोय एवढंच ती सांगते. पुरेसं उचलतोय का, सिलिंडरभोवती फिरतंय का, ते धारेवरून कळत नाही.

तापतं कधी, ते महत्त्वाचं. हळू असताना तापून वेगात गार राहिलं, तर इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) झिजलाय किंवा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) उघडत नाहीये असं समजा. तुमचं उलटं आहे, म्हणजे वेगाला लागणारं पाणी कुठेतरी अडतंय. आधी लोअर युनिटच्या (मोटारीच्या पाण्यातल्या खालच्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्या बघा. वरून पुसून भागत नाही. स्क्रू काढून जाळी उतरवा, गाळ मागे बसतो. मासेमारीच्या जाळ्याचा धागाही तिथेच अडकतो.

मोटारीची उंचीही तपासा. प्रोपेलरवरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा साधारण २५ मिमी खाली हवी. वर राहिली तर वेगात पाण्याबरोबर हवा ओढली जाते.

प्रतिसाद २
जाळ्या साफ करून फरक पडला नाही तर लोअर युनिट उतरवा. गिअरची शिफ्ट रॉड आधी सोडवा, नाहीतर वाकते. इम्पेलर बाहेर काढून ठेवा. पाती वाकलेलीच राहिली तर रबर मेलंय. इम्पेलर शाफ्टला अडकवणारी छोटी चावीही बघा.

पंपाच्या कपाच्या आतून नख फिरवा. ओरखडा नखाला अडकला तर कप आणि खालची स्टीलची प्लेटही बदला. गाळाच्या पाण्यातली वाळू कप आधी खाते, मग नुसता नवा इम्पेलर घालून पाणी मागेच गळत राहतं. बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत कप खाली दाबा. सगळी पाती एकाच बाजूला झुकली पाहिजेत.

युनिट चढवताना पाणी वर नेणारी तांब्याची नळी पंपावरच्या रबरात नीट शिरली का, ते टॉर्च लावून बघा. नळी बाजूला बसली तर पंप नवा असूनही पाणी मोटारीच्या पायातच सांडतं. शाफ्टच्या माथ्यावर ग्रीस थापू नका. ते कोंडतं आणि युनिट पूर्ण वर बसत नाही.

प्रश्नकर्ता
उतरवलं. जाळीमागे अर्धा गाळ होता. इम्पेलरच्या एका पात्याचं टोक गायब, बाकीची वाकून राहिलीत. कपावर ओरखडे आहेत, त्यामुळे पूर्ण संच मागवतोय.

प्रतिसाद १
पात्याचं ते टोक सापडल्याशिवाय मोटार परत जोडू नका, भाऊ. पाण्याबरोबर ते वर जातं आणि एखाद्या वळणावर किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकतं. मग नव्या पंपावरही बझर वाजणार. लोअर युनिट उतरवलेलंच आहे, तर थर्मोस्टॅट काढून त्याच्या खोबणीतून बागेच्या पाइपने हलक्या दाबाचं पाणी उलटं सोडा. खाली बादलीवर फडकं धरा. रबराचा तुकडा आणि लाल गाळ त्यात येईल. पाणी नितळ पडेपर्यंत चालू ठेवा.

थर्मोस्टॅटही तपासून घ्या. त्याच्या फटीत दोरा अडकवा आणि दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवत न्या. झडप उघडली की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून पडतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचा आणि त्याच्यावर छापलेल्या अंशांशी ताळा करा. चढवताना गॅस्केट नवं घाला.

प्रतिसाद २
जोडल्यावर जमिनीवर कोरडी सुरू करून बघू नका, नवी पाती काही सेकंदांत जळतात. पाण्यात सोडून फुल थ्रॉटलला दोन्ही सिलिंडरच्या हेडवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एक बाजू बरीच जास्त तापली तर त्या बाजूच्या वाटेत गाळ आहे. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजा. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर हेड गॅस्केट किंवा पिस्टनच्या रिंगांकडे वळा, म्हणजे तेव्हाच हेड खोला. आणि बझर वाजला तर थ्रॉटल कमी करून न्यूट्रलला आणा. धार थांबली असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या हेडवर पाणी ओतू नका, तडा जातो.