मदत हवी आहे: गच्चीवरच्या जुन्या होर्डिंगच्या जागी एलईडी स्क्रीन लावता येते का?

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या महापालिकेच्या शहरात (दोनच आहेत, त्यातलं एक धरा) भर रस्त्यावर आमची दुमजली इमारत आहे. खाली गाळे, वर आम्ही राहतो. वडिलांनी १९८४ साली रीतसर नकाशा मंजूर करून बांधली. पुढे विकास आराखड्यात रस्ता रुंद झाला आणि आमचा ओटा नि गाळ्यांचा पुढचा भाग रस्त्याच्या रेषेत गेला. पाडापाडी नाही, नोटीसही नाही. पण आजच्या नियमात इमारत बसत नाही, पुढे सामासिक अंतरच (रस्ता आणि इमारतीमध्ये सोडायची मोकळी जागा) उरलेलं नाही.

गच्चीवर वीस बाय दहा फुटांचा लोखंडी सांगाडा आहे. एजन्सी त्यावर फ्लेक्स लावते, आम्हाला भाडं देते. परवाना त्यांच्याच नावावर, वेळच्या वेळी नूतनीकरण होतं. आता ते म्हणतात, फ्लेक्स काढून एलईडी बसवू, भाडं तिप्पट देऊ. कराराचा मसुदा आलाय, त्यात 'विद्यमान परवानगीच्या आधारे' असं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात 'परवानगीविषयक सर्व जबाबदारी जागामालकाची'. परवाना त्यांचा आणि जबाबदारी आमची, हे कुठलं गणित?

सांगाडा तोच ठेवून नुसता पडदा बदलला तर नवी परवानगी लागते का? आणि लागत असेल तर रेषेत गेलेल्या इमारतीवर ती मिळते का? घाटकोपरचं होर्डिंग पडल्यापासून आई गच्चीवर वाळवण घालायलाही जात नाही.

— गाळेवाला

भाऊ, सही करू नको. दोन गोष्टी वेगळ्या धर. इमारत बांधताना कायदेशीर होती, नियम नंतर बदलले. त्यामुळे ती लगेच अनधिकृत ठरत नाही. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम ४३ मध्ये आतल्या दुरुस्तीला, बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल तर, परवानगीचीही गरज नाही. पण बाहेरून काही वाढवायला गेलास की आजचे नियम लागतात. २०२० पासून राज्यात, मुंबईसारखे अपवाद सोडून, बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे.

फलकाचं तसं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २४४ वाच. आकाशचिन्हाची, म्हणजे इमारतीवर उभारलेल्या अशा जाहिरात फलकाची, परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि फलकात बदल केला की ती आपोआप रद्द होते. मजबुतीसाठी पालिकेच्या सूचनेवरून केलेलं काम तेवढं वेगळं. फ्लेक्सच्या जागी एलईडी हा माझ्या मते बदलच. म्हणजे ज्या परवानगीचा आधार ते घेतायत, ती स्क्रीन चढवल्या क्षणी मेलेली असेल. वर महापालिकांसाठी २०२२ चे जाहिरात फलकांचे नियमही आहेत, आकाशचिन्ह विभागात प्रत माग. रेषेतल्या इमारतीवर नवी परवानगी मिळेलच असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी घे.

— नकाशेवाला

मी फॅब्रिकेशनमध्ये आहे, म्हणून वजनाचं बोलतो. फ्लेक्स म्हणजे कापड. सोसाट्याचा वारा सुटला की टराटरा फाटतो आणि वारा मोकळा होतो. एलईडीचं कॅबिनेट फाटत नाही. सगळा जोर सांगाड्याच्या पायातल्या अँकर बोल्टवर आणि तिथून तुमच्या स्लॅबवर. आपल्याकडचा मे महिन्यातला वारा रावेरच्या केळीबागा झोपवतो, तो चाळीस वर्षांच्या स्लॅबला काय सोडणार? बोल्टच्या बुडाशी गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर आहे तो फ्लेक्ससुद्धा उतरवा. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी पडलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता, मर्यादा ४० बाय ४० ची. १७ माणसं गेली. तुमचा लहान आहे, पण खाली गाळ्यांवर गिऱ्हाईक असतं.

वीज कोणाच्या मीटरवर घेणार तेही विचारा. घरगुती मीटरवरून जोडली तर उद्या महावितरणचा माणूस तुमच्याच दारात उभा.

— लोखंडवाला

दोघांचे आभार. एजन्सीला आजच कळवलं की नवी परवानगी त्यांनी त्यांच्या नावावर आणावी, जबाबदारीची ओळ उलटी करावी, नाहीतर फ्लेक्स आहे तसाच. अजून उत्तर नाही. बोल्ट पाहिले, एकाच्या बुडाशी गंज आहे, फोटो उद्या टाकतो. जळगाव-धुळ्याकडे जुन्या स्लॅबचा स्टॅबिलिटी रिपोर्ट करणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर कोणाच्या ओळखीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फी साधारण किती पडते तेही सांगा.

— गाळेवाला