मदत हवी आहे: सावंतवाडीहून ऑफिससाठी काय आणू?

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात सुट्टीला सावंतवाडी-मालवणला चाललेय. मागे माझं काम हिंजवडीच्या ऑफिसमधली टीम सांभाळणार, म्हणून सगळ्यांना मनापासून काहीतरी द्यायचंय. पंधराएक जण आहेत, माणशी शंभर-सव्वाशेच्या आत बसायला हवं. मालवणी खाजा आणणारच, पण तो चहाच्या वेळेलाच संपतो. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं मला फार आवडतात. देठापासून सालीपर्यंत हुबेहूब रंगवलेली. ती सुटी मिळतात का, की अख्खी टोपलीच घ्यावी लागते? ज्या दोघी जास्त भार उचलणार आहेत, त्यांच्यासाठी राजवाड्यात गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या) चित्रांचं काही छोटंसं परवडेल का? कोकम आगळ नको, बसमध्ये बाटली सांडते. अलीकडे जाऊन आलेल्यांनी भाव सांगा, प्लीज.