कला-लेखन स्पर्धेचे परीक्षण: गुणांची सरासरी की पसंतीक्रम?

दूरदेशी:
कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजच्या कला-लेखन स्पर्धेत यंदा मी प्रथमच परीक्षक होते. राज्यात अशी ११६ सरकारी महाविद्यालये आहेत. तेथे शाळा नुकतीच संपवलेली मुले आणि रात्रपाळी करून येणारी चाळिशीतली माणसे एकाच वर्गात शिकतात, आणि आलेल्या लेखनातही ती सरमिसळ दिसते. आम्ही तिघे परीक्षक होतो, दहापैकी गुण द्यायचे होते आणि लेखकांची नावे झाकलेली होती. बदामाच्या कारखान्यातील रात्रपाळीवरच्या एका कथेला आम्ही दोघांनी ८ गुण दिले. तिसऱ्या परीक्षकांनी एकाच वाक्यात दोन काळ मिसळल्याचे कारण देऊन ४ दिले. एका सफाईदार विज्ञानकथेला मात्र आमच्याकडून ७, ७ आणि त्यांच्याकडून ९ मिळाले. बेरीज २० विरुद्ध २३ झाली आणि तिघांपैकी दोघांना जी कथा सरस वाटली होती तीच मागे पडली. ही पद्धत योग्य म्हणावी का?

गणिती काका:
सरासरीत नेहमी असेच होते. जो परीक्षक ४ ते ९ असा सैल हात ठेवतो त्याचे मत, ७-८ च्या आत राहणाऱ्या दोघांच्या मतांवर मात करते. प्रत्येकाने गुणांऐवजी पसंतीक्रम दिला असता, तर तुम्हाला सरस वाटलेली कथा दोन विरुद्ध एक अशी जिंकली असती. निदान पहिल्या पाच प्रवेशिका तिघांनी मिळून वाचाव्यात आणि ८ म्हणजे काय हे ठरवून मगच पुढे जावे. व्याकरणाचे वजनही आधीच ठरलेले बरे. शालेय विद्यार्थ्यांसाठी १९२३ पासून चालू असलेल्या अमेरिकेतील 'स्कोलॅस्टिक' कला-लेखन पुरस्कारांत वेगळेपण, तंत्रावरील पकड आणि स्वतःचा आवाज हे निकष वापरले जातात. म्हणजे भाषेची सफाई तेथे एका निकषाचा भाग ठरते, सगळ्याचा निकाल लावत नाही.

पडद्यामागचा:
काकांशी मी पूर्ण सहमत नाही. क्रम लावला की कोणीतरी पहिला येतोच, मग सगळे लेखन सुमार का असेना. पुण्यात २०२२ साली पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नसल्याचे सांगून करंडक राखून ठेवला होता आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. अमेरिकेत २०१२ साली परीक्षकांनी तीन कादंबऱ्या सुचवूनही पुलित्झर पुरस्कारांच्या मंडळाने कथासाहित्याचे पारितोषिक दिले नाही. पारितोषिक राखून ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रवेशिका उघडण्यापूर्वीच लिहून ठेवावे. निकालानंतर ठरवले की ते कोणावर तरी रोख धरल्यासारखे दिसते.

मातीकाम:
कला विभागाचेही थोडे पाहा. मी एका महाविद्यालयात मातीची भांडी केवळ छायाचित्रांवरून तपासली. वाडगा तळहातावर मावणारा आहे की परातीएवढा, हेच कळत नव्हते, कारण शेजारी मोजपट्टी ठेवण्याची सूचना कोणालाच दिलेली नव्हती. आतल्या बाजूची झिलई तर दिसलीच नाही. शिवाय चित्राच्या कोपऱ्यातील सही आणि वर्ड फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले लेखकाचे नाव, यांमुळे 'नावे झाकली' हा दिलासा पुष्कळदा पोकळ असतो. कोणाची शैली ओळखू आली, तर त्या प्रवेशिकेपुरते बाजूला व्हावे.

दूरदेशी:
सर्वांचे आभार. निकाल जाहीर झाल्यामुळे आता तो बदलणार नाही, आणि बदलावा असे मलाही वाटत नाही. मात्र गुण गोळा करण्यापूर्वी परीक्षकांची तासाभराची बैठक ठेवावी आणि दोन परीक्षकांच्या गुणांत चारचा फरक पडला तर ती प्रवेशिका पुन्हा वाचावी, असे मी संयोजकांना कळवले आहे. रात्रपाळीच्या कथेवर अर्धे पान अभिप्राय लिहून दिला असून तो प्रवेशिका क्रमांकावरूनच लेखकापर्यंत पोहोचवला जाईल. त्यातील मिसळलेल्या काळांबद्दल मी लिहिले आहे, पण शेवटच्या परिच्छेदात, जेथे कारखान्यातील यंत्राचा पट्टा थांबल्यावर कामगारांना प्रथमच एकमेकींचे आवाज ऐकू येतात, तेथील काळ मुळीच बदलू नयेत असेही लिहिले आहे.