मोटरहोम बडोद्याला आणताना
शनिवार-रविवार विंटेज गाड्यांच्या मेळ्याला मोटरहोमचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांचा, ताफा बडोद्याला आणला, तर तो लावायचा कुठे, असं विचारलंत. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात असा मेळा भरला होता. राजवाड्यालगत इतक्या मोठ्या गाड्या लावायचा नाद सोडा. हायवेकडे रात्रभर पार्किंग देणारं हॉटेल आधीच फोन करून ठरवा, शहरात रिक्षाने फिरा. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजून ठेवा. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यात, उंच गाडी घालायची जोखीम नकोच.

आणि राजवाड्याच्या आवारातलं फतेसिंह म्युझियम अजिबात चुकवू नका! महाराजा सयाजीराव तिसरे यांनी राजा रविवर्म्याकडून करवून घेतलेली चित्रं तिथे आहेत. गाड्या दुपारी बघा, सकाळ चित्रांना द्या. सोमवारी म्युझियम बंद असतं.