मदत हवी आहे: पुडाची वडी तेलात उकलते

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे नागपूरचे, सहा वर्षांपासून कळव्यात राहतो. हिवाळ्यात पुडाची वडी झाल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून हीच सांबारवडी. इकडच्या उकडून तळायच्या कोथिंबीर वडीपेक्षा ही अगदी वेगळी. बेसनाच्या पारीत सारण भरून पुडा बांधायचा आणि थेट तेलात सोडायचा.

गेल्या रविवारी चौदा वड्या केल्या, त्यातल्या पाच तेलात उकलल्या. सारण बाहेर आलं, खसखस जळली, तेल काळं झालं आणि पुढचा घाणा कडवट लागला. धड राहिलेल्या वड्याही अर्ध्या तासात मऊ पडल्या.

दोन जुड्या कोथिंबीर धुऊन चार तास पंख्याखाली पंचावर पसरली होती. आलं-लसूण-मिरचीचं वाटण तेलात परतलं, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, गरम मसाला आणि गॅस बंद केल्यावर चिरलेली कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर. पारीसाठी दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी कणीक, कडकडीत तेलाचं मोहन, ओवा. पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला लावला, कडा पाण्याच्या बोटाने चिकटवल्या, मध्यम आचेवर तळल्या.

आईचं प्रमाण हेच, तिची वडी कधी उकलत नाही. फोनवर म्हणाली, "तिकडची हवाच ओली गं." जांभळी नाक्यावरून आणलेल्या जुड्यांवर सतत पाणी मारलेलं असतं, हेही खरं. पण मला दुसरीच शंका येते. फुटलेल्या वड्या जवळपास सगळ्या शेवटी भरलेल्या होत्या. तोवर सारणाला मिठाने पाणी सुटून परातीच्या कडेला हिरवट ओल दिसत होती. त्या पाण्याची तेलात वाफ होऊन शिवण सुटत असेल का? मग मीठ प्रत्येक वडी भरताना वरून घालावं, की सारणात थोडं भाजलेलं बेसन घालावं? कोथिंबीर मिनिटभर परतून घेतली तर हिरवा रंग जाईल अशी भीती वाटते. आणि बेसनाला स्वतःचा चिवटपणा नसतो, तर कणकेऐवजी मैदा घेतल्याने शिवण धरेल का? चिंचेचा कोळ कडेपर्यंत गेल्यामुळे तर ती सुटत नसेल?

घाई अशासाठी की पुढच्या शनिवारी आई-बाबा विदर्भ एक्सप्रेसने सकाळी ठाण्याला उतरताहेत. आईचं उजवं मनगट मोडलं होतं, अजून लाटणं धरवत नाही. यंदा तिने वडी केलेलीच नाही. तिला गरम वडी आणि ताकाची कढी मला माझ्या हातची वाढायची आहे.

वड्या आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवल्या तर चालतील का, की त्यानेही पाणी सुटेल? ज्यांनी मुंबईच्या हवेत करून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.